मागावर बसायचंय

पहाटे 5.30

जाग येते ती थापण्याच्या आवाजाने. खालच्या घरात बाई टोर्तिया करायला बसलेली असते. आपण भाकरी परातीत थापतो. इथे मक्याच्या पिठाचा गोळा दोन तळहातांतच फिरवत मोठा करतात, पट पट पट, आणि मग कोमालवर म्हणजे तव्यावर टाकतात. रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवलेल्या मक्याचा वास आणि सरपणाचा धूर खिडकीतून आत येतो. आज आमच्या शिबिराचा शेवटचा दिवस.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात फिजिओथेरपी शिकवते. तिकडे तिला फिजिकल थेरपी म्हणतात. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यातल्या दुसऱ्या वर्षाची बारा मुलं-मुली आणि आम्ही तीन शिक्षक मार्चच्या सुट्टीत आठवडाभरासाठी ग्वाटेमालात आलो आहोत. मुक्काम आतित्लान सरोवराच्या काठावर, पानाहाचेलला. माझं स्वतःचं शिक्षण महाराष्ट्रातलं, साडेचार वर्षांचं बीपीटीएच. इंटर्नशिपमध्ये खेड्यांतल्या शिबिरांना गेले होते, त्याचा इथे रोज उपयोग होतो.

सहाला चहा-कॉफीबरोबर बैठक. पहिल्या दिवशी सांगितलेला नियम रोज पुन्हा सांगते: आपल्या राज्यात जे काम शिक्षकाशिवाय करायची तुम्हाला परवानगी नाही, ते इथेही करायचं नाही. इथला माणूस गरीब आहे म्हणून त्याची पाठ ही तुमची सरावाची पाठ होत नाही. मुलं मान डोलावतात. त्यांना हे पटलेलं असतं, पण रांग वाढली, ऊन चढलं की भलेभले विसरतात. म्हणून रोज सांगायचं.

6.45

सामान पिकअपमध्ये चढतं. कोन मोजायचे गोनिओमीटर, ठोकून बघायचे हातोडे, रबरी पट्ट्या, जुने वॉकर, कुबड्या, आणि काठ्यांच्या टोकांना बसवायच्या रबरी टोप्यांची पिशवी. ही टोप्यांची पिशवी सगळ्यांत मोलाची. आणलेला वॉकर एकाच्या उपयोगी पडतो. झिजलेल्या टोपीची काठी मात्र गावात घरोघर असते, आणि ओल्या फरशीवर तीच माणसाला पाडते.

मागच्या हौद्यात उभं राहून, दांडीला धरून अर्ध्या तासाचा रस्ता. सांता कातारिना पालोपो मागे पडतं आणि वळण घेतल्यावर सान अंतोनियो पालोपो दिसतं. सरोवर सुमारे 1,560 मीटर उंचीवर, त्याच्या काठाला सान पेद्रो, तोलिमान आणि आतित्लान हे तीन ज्वालामुखी, आणि अलीकडच्या उतारावर एकाच्या डोक्यावर एक रचल्यासारखी घरं. घरांच्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांचे वाफे, त्यांत कांदा. पाण्याजवळ माणसं पातीच्या जुड्या धूत असतात. कंबरेत वाकून. कंबरदुखीची रांग कुठून येते ते गाडीतूनच कळतं.

8.00

गावच्या सभागृहात बाकं लावून झाली आहेत. निळ्या-जांभळ्या विपीलमधल्या, म्हणजे विणलेल्या पोलक्यांमधल्या बाया, पाठीवर फडक्यात बांधलेली लेकरं, आणि म्हातारे पुरुष. गुडघा बघायचा तर त्यांनी कमरेला गुंडाळलेलं चौकड्याचं लोकरी वस्त्र थोडं वर घ्यावं लागतं. ते ते स्वतःच घेतात, आपण हात लावायचा नाही.

नोंदणी करते ती इथली प्रोमोतोरा, गावातलीच आरोग्य कार्यकर्ती. आपल्याकडची आशाताई डोळ्यांसमोर आणा. सगळे तिला दोन्या म्हणतात, आपल्याकडच्या ‘बाई’सारखं मानाने. गावात कोण कुणाचं, कुणाच्या घरी किती पायऱ्या, कुणाचा नवरा कॉफी तोडायला गेला आहे, हे तिला ठाऊक. या शिबिराचा कणा ती आहे. आम्ही नाही.

ग्वाटेमालाच्या कायद्याने 22 माया भाषांना राष्ट्रीय भाषेचा दर्जा दिला आहे. इथली काक्चिकेल. बऱ्याच वयस्क बायांना स्पॅनिश येत नाही. त्यामुळे मुलांचा प्रश्न इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये, तिथून दोन्या काक्चिकेलमध्ये नेते, आणि उत्तर त्याच वाटेने माघारी येतं. पहिल्या दिवशी एका मुलाने विचारलं होतं, “शून्य ते दहामध्ये तुमचं दुखणं किती?” प्रश्न गेला. बाईंनी दोन्याकडे पाहिलं, दोन्याने माझ्याकडे. उत्तर आलं, “पुष्कळ.”

मला आपली भाषा आठवली. आपल्याकडे कोणी आकडा सांगत नाही. कळ येते, ठणकतं, चमक भरते, सलतं, रग लागते, अवघडतं, मुंग्या येतात. यातला प्रत्येक शब्द वेगळं निदान सुचवतो. काक्चिकेलमध्येही असे शब्द असणारच, ते दोन्याला विचारा, असं मी मुलांना सांगितलं. आज चौथ्या दिवशी त्यांच्या वह्यांत अशा शब्दांचं एक पान तयार आहे, आणि आकड्याऐवजी ते विचारतात, “या दुखण्यामुळे कोणतं काम अडलंय?” त्याचं उत्तर लगेच येतं. लाकूड आणता येत नाही. दळताना खांदा उचलत नाही. लेकरू पाठीवर घेता येत नाही.

9.30

पन्नाशीचा एक माणूस. कंबर धरलेली. इथे ओझं मेकापालने वाहतात. कपाळावरून घ्यायचा चामड्याचा पट्टा, त्याच्या दोन्ही टोकांना दोर, आणि दोरात पाठीवरची मोळी. माझ्या विद्यार्थिनीने तपासणी नेटकी केली. रात्रीचं दुखणं, वजन उतरणं, लघवीवरचा ताबा, पायातली ताकद, सगळं विचारलं, बघितलं. काही धोक्याचं नव्हतं. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, “मॅडम, ओझं उचलायचं बंद करा असं सांगते.”

“मग लाकूड कोण आणणार?”

ती गप्प झाली.

“त्यांना ओझं उचलायला लाव आणि बघ.”

अंगणात त्याने दोन बाकं एकत्र बांधून मोळी केली, जमिनीवर बसून कपाळाला पट्टा लावला आणि एका झटक्यात उठला. चेहरा तेवढ्यापुरता आवळला. चालायला लागल्यावर मात्र काहीच नाही. डोंगर चढणारी माणसं ती, चालताना पाठ एका रेषेत. मुलीला दिसलं. दुखणं वाहण्यात नव्हतं, उठण्यात होतं. आपल्याकडेही पाण्याचा भरला हंडा डोक्यावर चढवायला दुसरी बाई लागते, एकदा चढला की मैलभर जातो. तिने मोळी अंगणाच्या कट्ट्यावर ठेवायला सांगितली आणि अर्धं उभं राहूनच पट्टा लावायला लावलं. तो उठला, थांबला, परत खाली ठेवून परत उठला. मग दोन्याला काही सांगून हसला. रानात कांद्याच्या वाफ्यांचे दगडी बांध आहेतच, ओझं आता बांधावर बांधीन, असं तो म्हणाला.

कागदावर तिने लिहिलं: “ओझं बांधावरून उचलणे.” अमेरिकेत या उपचाराला बिल लावायला रकाना सापडणार नाही.

पुढचा दीड तास भराभर गेला. मधुमेहाच्या पाच पेशंटचे तळवे 10 ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने टोचून पाहिले. दोघांना अंगठ्याखाली काही कळलं नाही, त्यांना रोज रात्री पाय बघायला आणि अनवाणी न चालायला शिकवलं. एका आजोबांचा पाय आखूड. “कधीपासून?” असं विचारल्यावर उत्तर आलं, भूकंपापासून. इथे भूकंप म्हणजे 4 फेब्रुवारी 1976 चा. सुमारे 23,000 माणसं गेली त्यात. बुटाच्या तळाला रबराचा थर चिकटवून दिला. एका तरुण बाईची पाठ रात्री झोपू देत नव्हती आणि ताप होता. तिला व्यायाम द्यायचे नव्हते, डॉक्टरांकडे पाठवायचं होतं. दोन्याने तिथल्या तिथे फोन लावला.

11.15

या लेकराची मी सकाळपासून वाट बघत होते. सहा वर्षांची मुलगी, सेरेब्रल पाल्सी. आई तिला फडक्यात पाठीवर बांधून सोमवारी पहिल्यांदा आली. मुलगी वयाच्या मानाने फार हलकी. “जेवते कशी?” विचारल्यावर आईने करून दाखवलं. मांडीवर आडवी घेऊन आतोल, म्हणजे मक्याची पातळ पेज, चमच्याने तोंडात घातली. पोरीची मान मागे गेली, पाठ धनुष्यासारखी ताणली, पाय कात्रीसारखे एकमेकांवर आले आणि ठसका लागला. आईने पाठ थोपटली. रोज तीन वेळा हे असंच चाललेलं, सहा वर्षं.

सोमवारीच मुलांनी आसन करायला घेतलं. पुठ्ठ्यावर पुठ्ठा खळीने चिकटवत जायचं, वर दगड ठेवून दाबायचं, वाळवायचं. झिम्बाब्वेत बेव्हिल पॅकर यांनी पुठ्ठा आणि पिठाच्या खळीपासून अपंग मुलांसाठी खुर्च्या-टेबलं करायची ही रीत विकसित केली. दुकानातून काही आणावं लागत नाही. माझ्या गटात न्यू जर्सीत वाढलेली एक मराठी मुलगी आहे. मराठी समजते, बोलताना अडखळते. खळ ढवळताना म्हणाली, “हे मला येतं. आजी आकाशकंदिलाला करते.” गुठळी होऊ न देता तिने अशी खळ केली की सगळे तिलाच करायला सांगू लागले.

तीन दिवसांच्या उन्हात आसन दगडासारखं कडक झालं. आज मापाला लावलं. कंबर नीट मागे, मांड्यांमध्ये छोटा उंचवटा, म्हणजे पाय एकमेकांवर यायचे नाहीत, तळव्यांखाली फळी. एका मुलाने पोरीच्या हनुवटीखाली बोट ठेवून मान किंचित पुढे आणली. आईला समोर बसवलं, चमचा समोरून आणि खालून आणायला सांगितलं. वरून आला की मान पुन्हा मागे जाते.

पहिला चमचा. ओठ मिटले. गिळलं. आम्ही सगळे श्वास धरून.

दुसरा. तिसरा. ठसका नाही.

आई चमचा हातात धरून तशीच थांबली आणि दोन्याकडे बघून काहीतरी बोलली. दोन्याने ते स्पॅनिशमध्ये आणलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

डेव्हिड वर्नर यांचं ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ हे 1987 चं पुस्तक मेक्सिकोतल्या खेड्यातल्या अशाच कामातून उभं राहिलं. त्याची स्पॅनिश प्रत आम्ही दोन्याला आणून दिली आहे. आसनं, झोके, आधाराच्या चौकटी, सगळं चित्रांतून. तिने त्यात आधीच तीन पानांना खुणा घातल्या आहेत. गावात अशी आणखी दोन लेकरं आहेत म्हणे.

1.00

घेवड्याच्या काळ्या दाण्यांची उसळ, टोर्तिया, मिरचीचा ठेचा. दुपारी सरोवरावर वारा सुटतो, त्याला इथे शोकोमिल म्हणतात. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी खवळतं आणि लहान होड्या काठाला येतात. मुलं वीस मिनिटं झोपली. मी झोपू दिलं.

2.00

सभागृहाच्या कोपऱ्यात चार व्हीलचेअर पडून आहेत. मागे कधीतरी कुणीतरी देणगी म्हणून पाठवलेल्या. एकीला पाय ठेवायच्या फळ्या नाहीत, एक इतकी रुंद की तिच्यात दोन माणसं मावतील. देणाऱ्याचं मन चांगलंच असणार. पण मापाची नसलेली खुर्ची माणसाला जखमा करते, हे देणगी देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये यावर मार्गदर्शिका काढली. त्यात मोजमाप, बसवून बघणं, शिकवणं आणि नंतरची देखभाल, सगळं येतं. खुर्ची हातात देणं ही त्यातली फक्त एक पायरी.

तिशीतला एक तरुण झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला. घरापासून रस्त्यापर्यंत त्याला भाऊ पाठीवर आणतो. मुलांनी दोन खुर्च्यांचे भाग जुळवून एक मापाची केली, फोम कापून गादी केली. मग परीक्षा. तळहात वर करून त्याच्या बसण्याच्या हाडाखाली सरकवायचा. बोटांची टोकं 5 मिलिमीटर तरी वरखाली हलली तर ठीक. हलली नाहीत पण निघाली तर सावध. चिमटून बसली तर ती गादी चालणार नाही. विद्यार्थ्याची बोटं चिमटली. त्याने हात काढून माझ्याकडे पाहिलं.

“त्यांना तिथे काही जाणवत नाही. तुझ्या बोटांना जाणवलं ते त्यांच्या कातडीला चोवीस तास सोसायचंय.”

फोम परत कापला, हाडांच्या जागी खळगा केला. दुसऱ्यांदाही चिमटली. तिसऱ्यांदा बोटं हलली. तासभर गेला आणि बाहेर रांग तशीच होती. मला त्याचं काही वाटलं नाही. खुर्ची रस्त्यालगतच्या चुलतभावाच्या दुकानात राहील, कारण घराच्या पायऱ्या तिला चढता येणार नाहीत. दुकानात बसून हिशेब ठेवायचं काम त्याला मिळणार आहे.

3.15

आता गृहभेट. चढण सरळ अंगावर येणारी, अरुंद पायऱ्या. दोन्या पुढे, तिला धाप लागत नाही. बरोबर न्यू जर्सीची ती मुलगी आणि मी.

आजी पासष्टीच्या. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात, उजवी बाजू अधू. चालतात, भिंतीला धरून. घरात एक पलंग, प्लास्टिकचं एक स्टूल, सिमेंटची जमीन. मुलीने तयारी करून आणली होती. दहा मीटर चालणं, पाच वेळा खुर्चीतून उठणं. आजी सांगितलं तेवढं करत होत्या, शाळेतल्या मुलासारखं. डोळे दुसरीकडे.

मुलगी थांबली. कागद खाली ठेवला आणि दोन्याला म्हणाली, “त्यांना विचारा, तुम्हाला परत काय करावंसं वाटतं?”

आजींनी डाव्या हाताने पडवीतल्या खांबाकडे बोट केलं. तिथे एक गुंडाळी टांगली होती. लेकीने उलगडून दाखवली. अर्धवट विणलेलं निळं कापड, काठ्यांसकट. आठ महिने तसंच.

इथला माग कमरेचा. ताण्याचं एक टोक खांबाला बांधायचं, दुसऱ्या टोकाचा पट्टा कमरेमागून घ्यायचा आणि गुडघे मोडून जमिनीवर बसायचं. मागे झुकलं की सूत ताणतं, पुढे झुकलं की सैल होतं. माग म्हणजे विणणारीचं अंगच.

“मॅडम, गुडघा एकशे दहा अंशच वाकतोय,” मुलगी हळू आवाजात म्हणाली. पाश्चात्त्य पुस्तकांना एकशे दहा पुरतात, कारण त्यांतला माणूस खुर्चीत बसतो. वज्रासनाला दीडशेच्या पुढेमागे लागतात.

“तुझी आजी देवासमोर कशी बसते?”

तिने क्षणभर विचार केला. “पाटावर.” आणि मग तिचा चेहरा उजळला. “पाटावर!”

चुलीपाशी एक बुटकी लाकडी बैठक होती. तिच्यावर घडी केलेलं कांबळं घातलं. टाचा आणि बैठक यांच्यामध्ये तेवढी उंची मिळाली की गुडघ्याला पुरं मिटावं लागत नाही. खाली बसवायचं कसं हा पुढचा प्रश्न. मुलीने आमचा धरायचा पट्टा काढला. दोन्याने मान हलवली आणि आजींच्या कमरेच्या फाह्याला हात लावला. फाहा म्हणजे इथल्या बायांचा विणलेला रुंद कमरपट्टा. आमच्या पट्ट्यापेक्षा मजबूत.

मुलगी धरायला पुढे झाली. मी म्हटलं, “हात मागे.”

तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि फक्त सांगू लागली. लेकीने फाहा धरला. आजींनी डावा हात खांबाला घातला, अधू गुडघा आधी टेकला, मग दुसरा, आणि बैठकीवर हळूच बसल्या. पहिल्यांदा लेक घाबरून ओढत होती. दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्यांदा नुसती हात लावून होती. उठायचंही तसंच, चांगला पाय आधी पुढे. मुलगी पूर्ण वेळ हात मागे बांधून. शिकणाऱ्या मुलांना ही सगळ्यांत अवघड गोष्ट वाटते, कारण हात लावून बरं करायला ती आलेली असतात. पण आमचे हात उद्या विमानात असणार. लेकीचे इथेच.

मग माग बांधला. कमरेमागून पट्टा. उजवा हात विणकामाच्या लाकडी तलवारीवर ठेवून वर लेकीने बोटं मिटवली, डाव्या हाताने आजींनी ती ओढली. मागे झुकल्या.

ठक.

धागा बसला. आजी स्वतःच पुटपुटल्या आणि पुन्हा झुकल्या. तीन ओळी झाल्या. ओळी वाकड्या होत्या. आजींनी त्यांतली एक उसवली.

निघताना म्हणाल्या, “मात्योश.” काक्चिकेलमध्ये आभार असे मानतात.

6.30

पानाहाचेलला परत. जेवणाआधी कागद. हे मला उपचारांइतकंच महत्त्वाचं वाटतं. पुष्कळ वर्षांपूर्वी मी ज्या पहिल्या परदेशी शिबिराला गेले होते, तिथून आम्ही सगळे केस पेपर बॅगेत भरून घेऊन आलो. आमच्या अहवालाला ते हवे होते. पुढच्या वर्षीच्या गटाला गावात एकही कागद नव्हता. त्यांनी त्याच माणसांना तेच प्रश्न पहिल्यापासून विचारले. मला त्याची आजही लाज वाटते.

आता प्रत्येक पेशंटचा कागद स्पॅनिशमध्ये, चित्रासकट, आणि मूळ प्रत दोन्याकडे. दोन्या जेवायला आमच्याबरोबर आहे. ती एकेक कागद वाचते आणि जिथे कळत नाही तिथे बोट ठेवते. “मी आठवड्याने गेले आणि गुडघा सुजलेला दिसला तर काय करू?” असा तिने त्या आजींबद्दल प्रश्न केला. मुलीने उत्तर लिहिलं. दोन्याने ते परत वाचलं आणि एक वाक्य सोपं करून घेतलं.

अहवालात किती पेशंट लिहायचे, असं एका सहकाऱ्याने विचारलं. आज 38. त्याखाली मी दुसरी ओळ घातली: घरच्या किती माणसांना शिकवलं, आणि त्यांनी आमच्यासमोर आमच्या मदतीशिवाय करून दाखवलं? 11. पुढच्या वर्षी येणाऱ्या गटाने पहिल्या आकड्याकडे बघू नये, हा वाढवावा.

9.30

मुलं सामान बांधतायत. गोनिओमीटर, हातोडे, पट्ट्या परत पेटीत. रबरी टोप्यांची पिशवी दोन्याच्या पिशवीत गेली आहे. खळीचं पातेलं घासून यजमानीणबाईंना दिलं.

सकाळी साडेसहाला आमची गाडी ग्वाटेमाला सिटीच्या विमानतळाकडे निघेल. दोन्या सातला आजींच्या घरी जाणार आहे.